भरती-ओहोटीच्या वाटेने

माणूस अनेक कारणांनी घराबाहेर पडतो. कोणी पोटासाठी, कोणी व्यापारासाठी, तर कोणी देवदर्शनासाठी. पंढरीचा वारकरी खांद्याला पडशी लावून दिवसचे दिवस पायी चालतो. मकरसंक्रांतीच्या सुमारास गंगासागराच्या स्नानासाठी देशभरातून कोलकात्यात उतरणारे यात्रेकरूही डोक्यावर गाठोडे घेऊनच येतात. गरजेपुरते सामान अंगावर वाहून नेत प्रवास करणे आपल्याला नवे नाही. मात्र केवळ निसर्ग पाहण्यासाठी, तेथील प्राणी-पक्षी त्यांच्याच घरात कसे राहतात हे समजून घेण्यासाठी, पाठीवर पिशवी टाकून समुद्रकिनाऱ्याने भटकणे ही रीत जगभर रुजली ती अलीकडच्या काळात. ऑस्ट्रेलियासारख्या देशात तरुण मुले-मुली पाठीवर सॅक घेऊन महिनोन्महिने किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडतात, स्वस्त वसतिगृहांत उतरतात आणि कांगारूंपासून मगरींपर्यंत तेथील वन्यजीव पाहतात.

अशा भटकंतीसाठी सातासमुद्रापलीकडे जावे लागतेच असे नाही. कोलकात्यासारख्या गजबजलेल्या महानगरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर जगातील सर्वांत मोठे सलग खारफुटीचे जंगल पसरलेले आहे. त्याचे नाव सुंदरबन. या पाठात आपण सुंदरबनाचा प्रवास कसा होतो, तेथे काय दिसते आणि ते पाहताना कोणते भान ठेवावे लागते, याची ओळख करून घेऊ.

शहराकडून खाडीकडे

गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या नद्यांनी हिमालयातून वाहून आणलेला गाळ हजारो वर्षे बंगालच्या उपसागराच्या मुखाशी साचत गेला. त्यातून जो विशाल त्रिभुज प्रदेश तयार झाला, त्याच्या समुद्राकडील कडेला सुंदरबन आहे. या जंगलाचे क्षेत्र सुमारे दहा हजार चौरस किलोमीटर असून त्यातील साधारण साठ टक्के भाग बांगलादेशात आणि उरलेला भारतात, म्हणजे पश्चिम बंगालमध्ये येतो. भारताच्या बाजूला १०२ बेटे मानली जातात. त्यांपैकी ५४ बेटांवर वस्ती आहे आणि ४८ बेटे जंगलाची आहेत. १९७३ मध्ये येथे व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि १९८७ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश केला.

कोलकात्याच्या सियालदह स्थानकातून कॅनिंगला जाणारी लोकल गाडी सुमारे ४५ किलोमीटरचे अंतर सव्वा ते दीड तासात कापते. सकाळच्या वेळी उलट दिशेने येणाऱ्या गाड्यांत मासळीच्या पाट्या, भाजीच्या टोपल्या आणि शहरात घरकामाला जाणाऱ्या स्त्रिया यांची गर्दी असते. सुंदरबनाचा आणि महानगराचा संबंध किती रोजचा आहे, हे या गाड्यांतच दिसते. कॅनिंगहून रस्त्याने गोदखालीपर्यंत जाता येते. तेथे रस्ता संपतो आणि पाणी सुरू होते. पलीकडच्या तीरावर गोसाबा बेट आहे. पुढचा सारा प्रवास नावेने.

कॅनिंग या गावाची कथा प्रवाशाने मुद्दाम जाणून घ्यावी अशी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हुगळी नदी गाळाने भरत चालली होती, म्हणून इंग्रज सरकारने मातला नदीच्या काठी नवे बंदर उभारण्याचे ठरवले. त्या वेळी कोलकात्यात हेन्री पिडिंग्टन नावाचा वादळांचा अभ्यासक होता. चक्रीवादळासाठी आज इंग्रजीत वापरला जाणारा ‘सायक्लोन’ हा शब्द त्यानेच घडवला. मातलाच्या मुखाशी बंदर बांधल्यास एक दिवस वादळाबरोबर येणारी लाट ते गिळून टाकील, असा इशारा त्याने १८५३ मध्ये दिला होता. तो कोणी मनावर घेतला नाही. बंदर बांधले गेले, त्याला लॉर्ड कॅनिंगचे नाव मिळाले आणि १८६७ च्या वादळात त्याची वाताहत झाली. बंगालीत ‘मातला’ म्हणजे मत्त, उन्मत्त. नदीला तिच्या काठच्या लोकांनी दिलेले नावच पुरेसे बोलके होते.

चिखलात उभे असलेले जंगल

सुंदरबनात दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. भरतीला झाडांचे बुंधे पाण्यात जातात आणि ओहोटीला मैलोन्मैल करडा, चकाकणारा चिखल उघडा पडतो. खारे पाणी, सतत हलणारी जमीन आणि चिखलात प्राणवायूचा अभाव, अशा तिहेरी अडचणीत येथील झाडे जगतात. त्यासाठी निसर्गाने त्यांना काही खास सोयी दिलेल्या आहेत.

सामान्य झाडांची मुळे मातीच्या पोकळ्यांतील हवा घेतात. येथील चिखलात ती सोय नाही, म्हणून अनेक खारफुटी वृक्षांची मुळे जमिनीतून वर, आकाशाकडे वाढतात. चिखलात भाले रोवावेत तशी ती दिसतात. त्यांना श्वसनमुळे म्हणतात. ओहोटीच्या वेळी ती हवा घेतात. काही झाडे मुळांपाशीच बरेचसे मीठ अडवतात, तर काही पानांवाटे ते बाहेर टाकतात. अशा पानावरून बोट फिरवून जिभेला लावले, तर खारट चव लागते. काही जातींचे बी झाडावर असतानाच रुजते आणि लांबट शेंगेसारखे रोप खाली चिखलात पडते किंवा पाण्याबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे मूळ धरते.

ज्या झाडावरून या वनाला नाव पडले असे मानतात, तो सुंदरी वृक्ष भारताच्या बाजूला तुलनेने कमी आढळतो. त्याला गोडे पाणी अधिक लागते, आणि नद्यांचे गोडे पाणी आज मुख्यतः पूर्वेकडे, बांगलादेशाच्या बाजूने समुद्राला मिळते. पश्चिमेकडील मातला, विद्याधरी या नद्यांचा वरचा प्रवाह आटल्यामुळे त्या आता जवळजवळ समुद्राच्या खाड्याच बनल्या आहेत. त्यामुळे येथे गरान, गेवा अशी अधिक खारटपणा सोसणारी झाडे जास्त दिसतात; केवडाही आढळतो. येथील केवडा म्हणजे आपला सुगंधी केवडा नव्हे. तो आपल्याकडच्या चिप्पीच्या कुळातील वृक्ष आहे.

कोकणातील वाचकाला हे जग अगदीच परके वाटणार नाही. तिवर, कांदळ आणि चिप्पी ही झाडे आपल्या खाड्यांच्या काठीही आहेत. ओहोटीच्या वेळी चिखलावर टुणकन उड्या मारणारी निवटी सुंदरबनातही तशीच उड्या मारते. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये कांदळवनांच्या रक्षणासाठी वन विभागात स्वतंत्र कक्ष स्थापन केला आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मान दिला. फरक आहे तो विस्ताराचा. कोकणात खाडीच्या कडेने कांदळवन असते, तर सुंदरबनात कांदळवनामधून खाड्या वाहतात.

नावेतून दिसणारे प्राणी

सुंदरबनात डोंगरावर चढावे तसे मनास येईल तिकडे पायी फिरता येत नाही. जंगलाच्या बेटांवर उतरण्यास प्रवाशांना मनाई आहे. वन खात्याचा परवाना घ्यावा लागतो, प्रत्येक नावेवर अधिकृत वाटाड्या असावा लागतो आणि रात्री जंगलातील खाड्यांतून नाव चालवता येत नाही. पायी उतरता येते ते सजनेखाली, सुधन्यखाली, दोबांकी यांसारख्या ठिकाणी. तेथे कुंपणाच्या आत निरीक्षण मनोरे बांधलेले आहेत. मनोऱ्यासमोर गोड्या पाण्याची तळी खोदलेली असतात. चारी बाजूंना पाणी असूनही पिण्याजोगे पाणी दुर्मीळ असल्याने चितळ, रानडुकरे आणि कधी क्वचित वाघही या तळ्यांवर येतो.

प्राणी पाहण्याची खरी वेळ ओहोटीची. पाणी ओसरले की चिखलाच्या उतारावर लाल, पिवळे फिडलर खेकडे बाहेर येतात. नराची एक नांगी शरीराच्या मानाने फारच मोठी असते. ती वरखाली हलवून तो मादीला खुणावतो आणि दुसऱ्या नराला धमकावतो. पाण्याच्या कडेला घोरपडी भक्ष्य शोधत हिंडतात. खंड्याच्या कितीतरी जाती येथे एकाच दिवशी दिसू शकतात. केवड्याच्या झाडावर माकडे पाला खात असली, तर खाली चितळांचा कळप हमखास उभा असतो. माकडांच्या हातून पडणारी पाने चितळांना आयती मिळतात आणि संकटाची चाहूल दोघांपैकी ज्याला आधी लागेल, त्याच्या ओरडण्याने दोघेही सावध होतात. रुंद खाड्यांत एखादे वेळी इरावडी डॉल्फिनची गोलसर पाठ पाण्याबाहेर येते आणि पुन्हा नाहीशी होते. बाटागूर बास्का हे नदीतील कासव एके काळी कोलकात्याच्या बाजारात खाण्यासाठी मोठ्या संख्येने येत असे. आज ते इतके दुर्मीळ झाले आहे की सजनेखाली येथे मुद्दाम त्याची पैदास करावी लागते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा येथे जाण्याचा उत्तम काळ. या दिवसांत खाऱ्या पाण्यातील मगरी ऊन खात काठावर पडलेल्या दिसतात. हीच मगर ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरही राहते. भारताच्या पूर्व किनाऱ्यापासून ऑस्ट्रेलियापर्यंत तिचा अधिवास आहे. दोन्हीकडे कातड्यासाठी तिची बेसुमार शिकार झाली. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर प्रदेशात १९७१ मध्ये तिला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यानंतर सुंदरबनातील भगवतपूर येथे मगरींची अंडी उबवून पिले वाढवण्याचे केंद्र सुरू झाले. हिवाळ्यात सायबेरियाकडून उडत येणाऱ्या तुतवार पक्ष्यांच्या काही जाती तर भारतीय किनाऱ्यांवरही उतरतात आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवरही. ज्या चिखलाला आपण पडीक जमीन म्हणतो, तो चिखल या पक्ष्यांच्या हजारो मैलांच्या प्रवासातील अन्नछत्र असतो.

वाघ आणि माणूस

सुंदरबनाचे नाव घेताच प्रथम आठवतो तो वाघ. २०२२ च्या व्याघ्रगणनेनुसार भारतीय सुंदरबनात सुमारे शंभर वाघ आहेत. रुंद खाड्या पोहून पार करणारा, चिखलातून चालणारा आणि मचूळ पाण्यावर तहान भागवणारा हा वाघ मध्य भारतातील वाघापेक्षा वजनाने हलका असतो. पर्यटकाला तो क्वचितच दिसतो. बहुधा चिखलात उमटलेले त्याचे ताजे ठसे पाहूनच समाधान मानावे लागते.

परंतु जो वाघ पाहण्यासाठी प्रवासी पैसे खर्च करून येतो, त्याच वाघाच्या भीतीच्या छायेत येथील माणूस पोट भरतो. भारतीय सुंदरबनाच्या वस्तीच्या भागात सुमारे ४५ लाख लोक राहतात. खाऱ्या जमिनीतील एका पिकावर वर्ष निघत नाही. म्हणून पुरुष खाडीत मासे आणि खेकडे धरायला जातात, एप्रिल-मे महिन्यांत मध गोळा करणारे ‘मौले’ जंगलात शिरतात, आणि कितीतरी स्त्रिया कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून जाळ्याने कोळंबीचे बीज धरतात. यांतील काही जण परत येत नाहीत. वाघाने नवरा नेलेल्या स्त्रियांना येथे ‘बाघ-विधवा’ म्हणतात. एवढ्यासाठी भाषेत वेगळा शब्द तयार व्हावा, यावरूनच त्या दुःखाची व्याप्ती कळते. परवान्याशिवाय किंवा मनाई असलेल्या गाभा क्षेत्रात गेलेल्या माणसाचा मृत्यू झाला, तर कुटुंबाला भरपाई मिळणेही कठीण होते. त्यामुळे काही मृत्यूंची वाच्यताच केली जात नाही.

हा संघर्ष कमी करण्यासाठी अनेक उपाय झाले. वाघ बहुधा पाठीमागून हल्ला करतो, हे लक्षात घेऊन १९८० च्या दशकात जंगलात जाणाऱ्यांना डोक्याच्या मागे लावायला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे देण्यात आले. काही काळ त्यांचा उपयोग झाला. पुढे वाघांना ही युक्ती कळली असावी, असे मानले जाते. गावांच्या जंगलाकडील बाजूला नायलॉनच्या जाळ्या उभारल्यावर मात्र वाघ वस्तीत शिरण्याचे प्रकार बरेच कमी झाले.

येथील लोकांनी या भीतीला आपल्या परीने अर्थही दिला आहे. जंगलात शिरण्यापूर्वी हिंदू आणि मुसलमान दोघेही बनबीबीची करुणा भाकतात. लोभाने नव्हे, गरजेपुरतेच घ्यायला आलेल्या माणसाचे ती वाघरूपी दक्षिणरायापासून रक्षण करते, अशी श्रद्धा आहे. आपल्याकडे ठाणे-पालघरच्या डोंगरांत वारली बांधव वाघोबाची पूजा करतात. दोन्हीकडे भाव एकच दिसतो. जंगल एकट्या माणसाचे नाही, तेथे मर्यादेने वागावे लागते.

वादळांची ढाल

सुंदरबनाकडे केवळ सहलीचे ठिकाण म्हणून पाहणे अपुरे ठरेल. २५ मे २००९ रोजी आलेल्या ‘आयला’ चक्रीवादळात नद्यांचे बांध फुटले आणि समुद्राचे पाणी शेतांत शिरले. पुढे कित्येक हंगाम त्या जमिनींत धान पिकले नाही. असंख्य तरुण कामासाठी परराज्यांत गेले. २० मे २०२० रोजी ‘अम्फान’ आणि त्यानंतर सुमारे वर्षभराने, २६ मे २०२१ रोजी, ‘यास’ आले. अम्फानने कोलकात्यातही हजारो झाडे उन्मळून पाडली. समुद्राकडून येणारा लाटांचा आणि वाऱ्याचा पहिला मारा खारफुटीच्या बेटांनी झेलला नसता, तर महानगराची आणि मधल्या गावांची हानी याहून मोठी झाली असती.

ही ढाल मात्र झिजत आहे. समुद्राची पातळी वाढते आहे, त्रिभुज प्रदेशातील जमीन हळूहळू खचते आहे आणि वरून येणारा गाळ कमी झाला आहे. लोहाचरा बेटावरील वस्ती समुद्राने उठवली. घोडामारा बेटाचा बराचसा भाग पाण्याने गिळला असून तेथील अनेक कुटुंबे सागर बेटावर जाऊन राहिली आहेत. वस्तीच्या बेटांभोवती सुमारे साडेतीन हजार किलोमीटर लांबीचे बांध आहेत. ते प्रामुख्याने मातीचेच आहेत. बांधाबाहेरच्या चिखलात गावातील स्त्रिया खारफुटीची रोपे लावतात. रोप जगले तर बांध टिकतो आणि बांध टिकला तर शेत टिकते, हे गणित त्यांना कोणी वेगळे शिकवावे लागत नाही.

प्रवाशाचे भान

अशा प्रदेशात पाठीवर पिशवी घेऊन जाणाऱ्याने काही पथ्ये पाळली पाहिजेत. भरती-ओहोटीच्या वेळा विचारूनच दिवसाची आखणी करावी, कारण येथे घड्याळापेक्षा पाण्याचे वेळापत्रक मोठे आहे. पिण्याचे पाणी सोबत असावे. नावेवर मोठ्याने गाणी लावणे किंवा प्राण्यांना हाका मारणे टाळावे. शांत बसणाऱ्यालाच जंगल दिसते. प्लॅस्टिकचा एकही तुकडा पाण्यात टाकू नये, कारण ओहोटीबरोबर गेलेला कचरा भरतीबरोबर मुळांत अडकून बसतो. उतरायचे तर शक्यतो गावकऱ्यांनी चालवलेल्या निवासात उतरावे, वाटाड्याही तिथलाच असावा. प्रवाशाचा पैसा गावात राहिला, तर कोणा एकाला तरी खेकड्यांसाठी वाघाच्या बेटावर जाण्याची पाळी येणार नाही.

पायी चालण्याची हौस असेल, तर वस्तीच्या बेटांवरील बांधांवरून चालावे. गोसाबा येथे डॅनियल हॅमिल्टन या स्कॉटिश गृहस्थाने विसाव्या शतकाच्या आरंभी जमीन घेऊन सहकारी तत्त्वावर वसाहत उभी केली होती. सावकाराच्या पाशातून शेतकरी सुटावा, म्हणून त्याने १९३६ मध्ये एक रुपयाची स्वतःची नोटही काढली. रवींद्रनाथ ठाकूर १९३२ मध्ये हा प्रयोग पाहण्यासाठी गोसाब्याला आले होते. बांधावरून चालताना एका बाजूला भाताची खाचरे आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्याहून उंच चढलेले भरतीचे पाणी दिसते. या दोहोंच्या मध्ये मातीची एक अरुंद वाट असते. सुंदरबनातील लाखो माणसांचे जीवन त्या वाटेवर उभे आहे.

दूरदेशीचा निसर्ग पाहण्याची ओढ असणे चांगलेच आहे. पण प्राणी पाहिला, छायाचित्र काढले आणि परत फिरलो, एवढ्याने प्रवास पुरा होत नाही. तो प्राणी कोणत्या झाडांच्या आधाराने जगतो, त्याच्या शेजारी कोणती माणसे राहतात आणि त्या दोघांच्या जगण्याची कोणती किंमत कोण मोजतो, हे ज्याला उमगले, त्यालाच तो प्रदेश दिसला असे म्हणता येईल. कोलकात्याचे सांडपाणी अखेर याच खाड्यांकडे वाहत येते आणि कोलकात्यावर येणारी वादळे प्रथम याच बेटांवर आदळतात. शहर आणि जंगल यांचे हे नाते जसे कोलकात्याला लागू आहे, तसेच मुंबईच्या खाड्यांना आणि कोकणातील प्रत्येक बंदराला लागू आहे. आपल्या गावच्या खाडीकाठी ओहोटीच्या वेळी घटकाभर थांबून चिखलाकडे नीट पाहिले, तर या प्रवासाची सुरुवात घरापासूनही करता येते.